चार फुटी टाकी आणि चौथा पाय

७ जुलै १९९६, रविवार
ठरलं! डॉक्टर बाबांना बोलले, माशांकडे बघत बसा, बीपी उतरतं. बाबांनी लगेच चार फुटी काचेची टाकी सांगून टाकली. आई बोलली, "चार मासे बघायला चार फूट कशाला? लोणच्याची बरणी रिकामीच आहे."

स्टँड मी बनवणार! दिघ्याला, किसनमामाच्या वर्कशॉपमध्ये. बारावीत दुसऱ्यांदा उडाल्यापासून मी तिकडेच पडीक असतो. बाबांनी अट टाकली — "स्टँड सरळ झाला तर जा, कायमचा वेल्डिंगच कर. वाकडा निघाला तर गुपचूप ऑक्टोबरचा फॉर्म भरायचा."

डन! लोखंड परवडलं, केमिस्ट्री नको.

११ जुलै
अँगल कापले. तीन पाय एकदम मस्त. चौथ्याच्या टायमाला लोचा. मामाच्या डब्यातल्या भाकऱ्या काढून मी आत जळके वेल्डिंग रॉड भरून ठेवलेले. मामा जेवायला बसला. एक डोळा ब्लेडवर, एक मामावर. त्याने झाकण उघडलं — आणि पक्कड घेऊन माझ्या मागे! हसून हसून पोट दुखलं.

चौथा पाय कसा कापला, देव जाणे.

१४ जुलै, रविवार
टेम्पोतून स्टँड आला. दुसऱ्या मजल्यावर चढवला. त्यावर थर्माकोल, त्यावर टाकी. सतरा बादल्या पाणी! मी ओतायचं, बाबांनी मोजायचं.

भरली आणि वाट लागली. बाल्कनीकडे पाणी काठाला टेकलं, भिंतीकडे अर्धा इंच रिकामं. बाबांनी माझ्या कंपासमधली पट्टी लावून बघितलं.

"वाकडा."

मग पट्टी माझ्या हातात देत, "ऑक्टोबर."

माझं तोंड सुटलं — "स्टँड सरळ आहे! बिल्डिंग वाकडी आहे!"

खालच्या वैजयंती काकू नेमक्या वाटी परत द्यायला दारात. वाटी पडली हातातून.

१५ जुलै
काकूंनी घरी परातीत पाणी घेऊन बघितलं. एका बाजूला!!

१६ जुलै
आता अख्खी बिल्डिंग परात घेऊन फिरतेय. सोसायटीचे सेक्रेटरी नंदकुमार काका स्वतः वर आले. "रूपेश, तुझं काय मत?"

माझं मत! जन्मात पहिल्यांदा कोणी विचारलं. मी गंभीर तोंड करून बोललो, "वजन एका बाजूला झालंय काका. कपाटं जिन्याच्या बाजूला घ्या."

जोक होता. संध्याकाळी नोटीस बोर्डावर — 'सर्व सभासदांनी जड सामान जिन्याच्या बाजूस सरकवावे.' सही, शिक्का.

१७ जुलै
सकाळपासून घर्रर्र घर्रर्र. वैजयंती काकूंचा फ्रिज संडासाच्या दाराला टेकला, त्यांचे मिस्टर आतच अडकले! मी गच्चीत जाऊन हसून आलो.

बाबा खाली सगळ्यांवर ओरडत होते, "वेडे झालात का? स्टँड वाकडा आहे! माझा मुलगा नालायक आहे!" तीनदा बोलले. बरं, एकदा पण कळलं असतं.

दुपारी घरी आलो तर बाबा एकटे घामाघूम — आईचं लोखंडी कपाट जिन्याकडे ढकलतायत! मला बघून बोलले, "झाडू मारत होतो." बाबा! झाडू!

१९ जुलै
बीपी एकशे सत्तर. डॉक्टरने विचारलं म्हणे, "मासे बघत नाही का?" मासे आलेत कुठे! बाबा जेवत पण नाहीत नीट. सारखे भिंतीला हात लावून उभे.

काकू आईकडे येऊन रडल्या. "मिळेल त्या किमतीला घर विकते अरुणा, भावाकडे जाऊन राहते. फ्लॅटसाठी मंगळसूत्र मोडलं होतं गं मी." मी पोहे खात होतो. बशी तशीच ठेवली.

टेप घेऊन चौथ्या पायापुढे बसलो. मोजलाच नाही. परत ठेवला टेप. फाटली माझी.

२० जुलै
बोलून टाकलं. "बाबा, बिल्डिंग सरळ आहे. चौथा पाय मी आखूड कापलाय. फॉर्म द्या."

ओरडलेच नाहीत! "नक्की?"

"नक्की."

मला हाताला धरून नंदकुमार काकांकडे नेलं. काका बोलले, "मधुकरराव, गेल्या शिमग्याला गॅस लीक झालाय सांगून ह्याने आम्हाला लुंगीवर रस्त्यात उभं केलं होतं. ह्याचं ऐकायचं?"

घ्या! खोटं बोललो तर नोटीस बोर्ड. खरं बोललो तर कोणी विचारत नाय.

२१ जुलै, रविवार
बाबांनी मामाला बोलावलं. आमच्या हॉलमध्ये अख्खी सोसायटी. मामाने टेप लावला.

"अठ्ठावीस... अठ्ठावीस... अठ्ठावीस..."

चौथा. मी डोळे मिटले.

"अठ्ठावीस! आरं लेका, सरळ हाय की!"

मी उडीच मारली. मग कळलं — म्हणजे बिल्डिंग! काकू मोठ्याने रामरक्षा म्हणायला लागल्या.

मामाने पाणसळ काढली, ती बुडबुडावाली पट्टी. भिंतीला लावली — बुडबुडा बरोबर मध्ये. जमिनीवर ठेवली — बुडबुडा पळाला. मामा जो हसायला लागला!

"आवो वहिनी, लादीला ढाळ दिलाय! फरशी धुतली की पानी बाल्कनीतनं भायेर जावं म्हनून. गवंडी काय येडा हाय व्हय?"

काकूंचा बारीक आवाज — "मग फ्रिज?"

सतरा बादल्या बाहेर. बाल्कनीकडच्या दोन पायांखाली पट्ट्या. सतरा बादल्या आत. पाणी एकदम रेषेत!

बाबा एवढंच बोलले, "उद्यापासून जा वर्कशॉपला."

२२ जुलै
घर्रर्र घर्रर्र. सगळी कपाटं परत. जिन्यात माझ्याशी कोणी बोलत नाय.

२४ जुलै
मासे आले. बाबा सकाळपासून टाकीसमोर. पंप बंद पडला म्हणून बिल शोधायला त्यांची ऑफिसची बॅग उघडली. आत खिशातली डायरी. मला वाटलं माझ्यावर शिव्या असतील, म्हणून चौदा जुलैचं पान काढलं. दोनच ओळी.

'स्टँड आला. पाणी भरण्याआधी चारही पाय मोजले — अठ्ठावीस इंच, एका सुताचा फरक नाही, वेल्डिंग सुरेख. पोराला सांगायचे नाही, डोक्यावर बसेल.'