वाचून दाखवल्याशिवाय

अण्णा, तुमच्या एका सवयीचा मी आमच्याकडे नियम करून टाकला आहे. शिवाजीनगरच्या छापखान्यात मी तुमच्या हाताखाली होते तेव्हा तुम्ही लग्नपत्रिकेचं प्रूफ गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायचात, त्याला कितीही घाई असो. एकदा मी न वाचताच कागद आत छपाईला दिला आणि पत्रिकेतून नवऱ्यामुलाच्या आत्याचं नाव गळलं. तुम्ही ओरडला नाहीत. थेट आत्याबाईंच्या दारात नेलंत आणि माफी मलाच मागायला लावलीत. तेव्हा तुमचा फार राग आला होता.

आता मी देणग्यांवर चालणाऱ्या छोट्याशा बातमीसंस्थेत आहे. आमचे निम्मे बातमीदार साधी माणसं आहेत. यशवंतपूरची इडलीवाली अक्का त्यातलीच; घरी मराठी, गल्लीत कन्नड. तिच्या गल्लीतलं गटार कंत्राटदारानं कागदोपत्री बांधून टाकलं होतं, आणि ही रोज त्याच उघड्या गटारावर फळी टाकून गाडी लावत होती. तिनं फोटो पाठवले. माहिती देणाऱ्याला बातमी वाचून दाखवल्याशिवाय छापायची नाही, असं मी इतरांना बजावत असते. त्या दिवशी घाईत मीच तो नियम मोडला. तिचं नाव लपवलं, पण फोटोच्या कोपऱ्यात तिच्या गाडीचं निळं छत राहून गेलं. दुसऱ्या सकाळी कंत्राटदाराची माणसं गाडीसमोर येऊन उभी राहिली. गिऱ्हाइकं फिरकेनात.

मी माफी मागायला गेले. अक्कानं आधी मला बसवलं.

"स्वल्प, जरा ऐक," ती म्हणाली, "मी गाडी हलवली तर गटार तसंच राहील. पुढची बातमी माझ्या नावानं छाप. गल्लीतल्या बायका तयार आहेत, त्यांचीही नावं घाल."

त्या रविवारी गाडीपाशी अकरा बायका जमतात. मी दुसरी बातमी वाचून दाखवते. एक जण गटाराची खोली दुरुस्त करते, दुसरी आपलं आडनाव. शेवटी अक्का विचारते, "सरी, ठीक आहे, पण तुझं नाव कुठाय?" खाली फक्त 'आमच्या प्रतिनिधीकडून' एवढंच असतं. मी सांगते, आमच्याकडे तशी पद्धतच आहे.

ऑफिसला परतल्यावर मी त्या ओळीवर काट मारून माझं नाव लिहिलं. बातमी गेली, आठवड्यात खोदकाम सुरू झालं. ती माणसं आता येत नाहीत. परवा अक्का इडली वाढताना म्हणाली, पद्धत बदललीस, बरं केलंस. मी मान डोलावली.

तशी पद्धत कधी नव्हतीच, अण्णा. मी घाबरले होते. अक्काला हे सांगायचं अजून राहिलंय.