चार मिलिमीटरची फट

सातारा, रविवार

प्रिय सुभेदारसाहेब,

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी कागदावर नवऱ्याला नावानं हाक मारायला हात धजत नाही, म्हणून हुद्दा. तुमच्या सांगलीच्या कारखान्याचं पाकीट कायमच्या पत्त्यावर, म्हणजे माझ्याकडे आलं आहे. सुरक्षा अधिकारी म्हणून आणखी तीन वर्षं तुम्हाला ठेवून घ्यायला ते तयार आहेत. एक तारखेच्या आत सही हवी. पाकीट मी फोडून वाचलं. शिस्तभंग झाला, नोंद करून ठेवा. कागद सोबत आहे, पण सही करण्याआधी गॅलरीचा अहवाल वाचावा.

जाण्यापूर्वी तुम्ही पूर्वेच्या गॅलरीला लोखंडी चौकट करून काचा बसवल्या होत्यात. मधल्या जागेत ते दोन डब्यांतलं मिश्रण, जे वाळलं की दगड होतं, असं ठासून भरलंत की मुंगीलाही आत यायला गेटपास लागला असता. एकदा बसली की हलता कामा नये, हे तुमचे शब्द. काच हलली नाही. एप्रिलच्या उन्हात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडकली. मी तेव्हा समोरच बसून नववीच्या उत्तरपत्रिका तपासत होते. एका मुलीचा अर्धा गुण दचकून पूर्ण झाला, तो मी तसाच राहू दिला.

नवी काच आणायला पोवई नाक्याजवळच्या केरबांच्या दुकानात गेले. मी सवयीनं तेच दगडी मिश्रण मागितलं. ते म्हणाले, "बाई, लोखंड उन्हानं फुगतंय, रातच्याला आकसतंय. काच तेवढी हालत न्हाई. मधी दगड भरल्यावर तिनं जायचं कुठं? रबरावानी लवणारं पायजे." मग मी सिलिकॉनची एक नळी उचलली, तर ती त्यांनी काढूनच घेतली. "ही नगं. हिला व्हिनेगरचा वास येतोय, लोखंडाला गंज चढवील. ही बिनवासाची न्या. आन् काचेच्या कडंनं चार मिलिमीटर फट सोडा." फट बुजवायलाच तर हे नेतेय, मग सोडायची कशाला, असं मी विचारलं. संस्कृतच्या बाईंना एवढं कळू नये याचं त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "आवं, फटच न्हाई ठिवली तर ह्ये ताणायचं कुठनं?"

मी रिक्षात बसले ती द्विवचनाचा विचार करत. हसू नका. संस्कृतात शेजारी शेजारी आलेले दोन स्वर एकमेकांत मिसळतात, तो संधी, पण 'मुनी आगच्छतः', म्हणजे दोन मुनी येतात, इथे ते मिसळत नाहीत. द्विवचनाला तेवढी सवलत आहे. का, असं दर वर्षी एखादी मुलगी विचारते आणि मी सव्वीस वर्षं 'अपवाद' म्हणून तिला खाली बसवते. आता सांगणार आहे, दोघं आहेत हे दिसत राहावं म्हणून.

काम मी स्वतः केलं. तुमचं मिश्रण छिन्नीनं काढायला दोन दिवस लागले. चौकट घासली, रंगवली, पुसली, फट सोडून काच बसवली, मग नळी दाबत चारी बाजूंनी फिरवली. केरबांनी दिवसभर हात लावू नका म्हणून बजावलं होतं, तरी एके ठिकाणी बोट लावून बघितलंच. तपासणीत ठसा सापडेल.

तुम्ही सैन्यात असताना वर्षातून दोन महिने घरी असायचात. आपलं कधी भांडण होत नाही, हे मी चारचौघींत मिरवायचे. निवृत्त होऊन आलात आणि तिसऱ्या महिन्यात माझे मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे रांगेत उभे केलेत. मला जिरं सापडेना. तेव्हा मी म्हणाले, तुम्ही पाहुणे होतात तेव्हा बरे होतात. हातातला डबा पुसून त्याच्या जागी ठेवलात. आठ दिवसांत सांगलीची नोकरी धरलीत. लोकांना मी सांगितलं, चांगली संधी आली. त्या शब्दाचा इतका चुकीचा अर्थ मी वर्गात कुणाला लावू दिला नसता.

हे पत्र काचेसाठी नाही, त्या वाक्यासाठी आहे. ते मी मागे घेते. दीड वर्ष उशीर झाला. फोनवर तीनदा जिभेवर आलं आणि तीनदा मी तुम्हाला सांगलीत पाऊस आहे का ते विचारलं. तिथे मन रमलं असेल तर खुशाल सही करा, मी रुसणार नाही. रुसले तरी कळवणार नाही. पण सही करायची नसेल, तर निघून या. तुम्ही दारात आलात की पाण्याचा तांब्या हातात देण्याआधी मी दर वेळी एकच प्रश्न विचारत आले, 'किती दिवस?' या खेपेला तो विचारणार नाही.

तुमचीच, आणि हे वाक्य मागे न घेणारी,
दीपमाला