न फाडलेली कविता

बाई, गेल्या महिन्यात माझ्या छातीत गाठ हाताला लागली आणि सुरतेहून रिपोर्ट यायला दहा दिवस गेले. गाठ साधीच निघाली. पण त्या दहा दिवसांत घरातले सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, शेजारणी दारातूनच विचारपूस करून परत फिरत होत्या, आणि मला सारखं वाटायचं की कुणीतरी आत यावं, खुर्ची ओढून बसावं, काहीही बोलावं. तेव्हा तुम्ही आठवलात. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमची आठवण मी नेटाने लांब ठेवली होती.

मी नववीत होते. आमच्या कोरीट गावाहून बसने नंदुरबारला तुमच्या शाळेत यायचे. आजोबा वारले त्या आठवड्यात तुम्ही निबंध लिहायला सांगितलात आणि मी निबंधाऐवजी कविता लिहिली, घरी बोलतो त्या अहिराणीत. पहिली ओळ होती, ‘आजला गया, तेन्ही खाट आंगनमा शे.’ तुम्ही लाल शाईने ओळ न् ओळ खोडलीत. वर लिहिलंत, ‘आजोबा गेले. त्यांची खाट अंगणात आहे.’ मग मला उभं करून ती सुधारलेली कविता वर्गात मोठ्याने वाचायला लावलीत. मी वाचते आहे, मागच्या बाकांवर मुली हसताहेत, आणि मला वाटतंय की हे दुसऱ्याच कुणाचे तरी आजोबा गेले. तुम्ही म्हणालात, “ती भाषा घरी. कागदावर नाही.” तुमचा राग नव्हता, हे आज कळतं. आम्ही पुढे जावं म्हणून तुम्ही तसं करायचात. पण त्या दिवसापासून मी ओळ लिहिली नाही.

चार-पाच वर्षांनी, मी नंदुरबारलाच डी.एड. करत असताना, तुम्ही भाजीबाजारात भेटलात. खूप वाळल्या होतात. मी तब्येत विचारली तर हातातली सीताफळं चाचपत तुम्ही सांगितलंत की सुरतेच्या डॉक्टरांनी सहा महिने म्हटलंय, यकृताचं दुखणं आहे. पुढे म्हणालात, “इतकी वर्षं मरणावरच्या कविता शिकवल्या, संदर्भासह स्पष्टीकरणं लिहून घेतली. एकीचाही अर्थ मला कळला नव्हता बघ.” आणि मग, जणू वहीच मागताय अशा सुरात, “मला अहिराणी शिकवशील? तीस वर्षं या गावात राहिले आणि इथली माणसं हसतात-रडतात ती भाषा मी फक्त खोडत आले.”

दर गुरुवारी मी तुमच्या घरी येऊ लागले. तुम्ही आणि तुमच्या थोरल्या ताई, दोघीच त्या घरात. तुम्ही शाळकरी मुलीसारखी वही घेऊन बसायचात, ‘मन्हा’ म्हणजे माझा, ‘तुन्हा’ म्हणजे तुझा, असं घोकायचात. एकदा हट्टाने मला गावाबाहेर नेलंत, जिथे मिरची वाळत घालतात त्या पथारीवर. नजर जाईल तिथवर लाल मिरची, आणि देठ खुडणाऱ्या बायांमध्ये नाकाला पदर लावून तुम्ही बसलेल्या. तुम्ही तिथे कशाला आलात म्हणून एक म्हातारी काळजीने म्हणाली, “आठे कसाले उनात बाई? खोकला लागी जाई.” तुम्ही ते लिहून घेतलंत आणि तिलाच वाचून दाखवलंत. तुमच्या तोंडून ते इतकं विचित्र आलं की सगळ्या बाया हसायला लागल्या. तुम्हीही हसलात, खोकत खोकत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शाळेत मी तुम्हाला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. परत येताना रिक्षात तुम्ही म्हणालात की आजचा दिवस पूर्ण वापरला.

त्याच दिवशी दारात रिक्षातून उतरल्यावर तुम्ही ती कविता मागितलीत. मूळची, माझ्या भाषेतली. मी म्हणाले, “फाडून टाकली, बाई.” तुम्ही म्हणालात, “मीच फाडली म्हणायची. एखादी ओळ आठवते का?” मी नाही म्हणाले. बाई, कविता कोरीटला माझ्या पत्र्याच्या पेटीत होती. आणि पेटीची गरजही नव्हती, मला ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ होती. तुमचा चेहरा पडला तो मी पाहिला, आणि पाहून मला बरं वाटलं. वर्गातल्या त्या हसण्याचं उट्टं निघालं असं वाटलं. तुमच्याकडे थोडेच दिवस उरलेत हे मला माहीत होतं, तरी वाटलं.

पुढच्या गुरुवारी मी आले नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग तुमच्या ताई रिक्षा करून माझ्या होस्टेलवर आल्या. तुम्ही आता उठत नाही, असं त्यांनी सांगितलं. “ती म्हणते, आठवेल तेवढंच म्हणून दाखव. नुसती बसलीस तरी चालेल.” मी परीक्षा आहे म्हणाले. परीक्षा नव्हती. तुमच्या खोलीतल्या औषधांच्या वासाची मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती याची की तुमच्यासमोर बसले तर कविता आपोआप तोंडातून येईल आणि माझं खोटं उघडं पडेल. ताई त्याच रिक्षाने परत गेल्या. आठ दिवसांनी तुम्ही गेलात.

हे कागद मी कुठे पाठवणार. ताईही आता नाहीत, त्या घरात दुसरे लोक राहतात. लिहून झाले की घडी घालून ठेवून देईन. पण एक राहिलं, ते मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा माझ्या डी.एड.च्या वर्गातल्या तुमच्या जुन्या विद्यार्थिनी रडल्या. मलाही रडू येईल असं वाटलं होतं, पण आधी आलं ते हायसं वाटणं. आता कुणी बोलवायला येणार नव्हतं. खानावळीत त्या दुपारी शेवभाजी होती. मी दोनदा मागून घेतली.