डाव्या हाताची बटणं

३ जून
मुक्काम : तुला माहीत नसलेला

चि. टिल्लूस ताईचे अनेक आशीर्वाद,

पत्राला उशीर झाला म्हणून माझ्या नावाने बोटं मोडत असशील, तर ती आता सरळ कर. या घरात राहण्याची पाळी यंदा माझी आहे, सलग तीन महिने. मोबाइल मुख्य ऑफिसच्या कपाटात कुलपात. पत्र लिहायचं तर पोस्टातल्या पेटीच्या नंबरावर, आणि ती पेटी आमच्या दप्तरबाई, म्हणजे कागदपत्रं सांभाळतात त्या, दर शुक्रवारी जाऊन उघडतात. तेव्हा चार दिवसांत उत्तर नाही आलं की लगेच रुसून बसायचं नाही, घोड्याएवढा झालास आता.

मागे तू विचारलं होतंस की एवढी लपवाछपवी कशाला, तुम्ही काय नोटा छापता का. नाही रे बाबा. मार खाऊन घर सोडलेल्या बायका इथे राहतात आणि मारणारे त्यांना शोधत असतात, एवढंच आहे. म्हणून दारात येऊन कुणी विचारो, फोनवर विचारो, की अमुक बाई तुमच्याकडे आहे का, आमचं उत्तर ठरलेलं, की आम्ही सांगत नाही. असली तरी तेच आणि नसली तरी तेच. एखादी नाहीये म्हणून सरळ 'नाही' म्हटलं, तर दुसऱ्या वेळी आमचं गप्प राहणं म्हणजे 'हो' म्हणण्यासारखंच झालं, नाही का? कामाला लागलेल्या नव्या मुलींना हे पाठ करवायला मला महिना लागतो. भांडी घासताना मध्येच विचारते, जेवताना विचारते. वैतागतात बिचाऱ्या.

सोबत शर्ट पाठवतेय, वाढदिवसाचा. इथल्याच एकीने शिवलाय. कॉलर बघ, दुकानदार झक मारतील. तिची आठ वर्षांची मुलगी बटणं निवडायला शेजारी बसली होती, तिने ठरवलं की मामाला निळी बटणं शोभतील. तुला न बघताच तुझी मामा म्हणून नेमणूक झाली आहे. हे सांगितलं तेही खरं तर जास्तच झालं.

आईच्या गोळ्या वेळेवर दे. तुमची माया आहे तशीच राहू द्या.

तुझी,
ताई


१४ जून

ती. ताईस शि. सा. न.,

शर्ट पोचला. असा बसलाय की मापं घेऊन शिवल्यासारखा. आई म्हणाली, आता जरा माणसात आल्यासारखा दिसतोस. तीस वर्षं मी कशात होतो ते तिलाच ठाऊक.

कारखान्यात घालून गेलो, तर काय सांगू! आमच्याकडे दोन महिन्यांपूर्वी एक नवे कटरमास्तर लागलेत. कापडाचे चाळीस थर एका रेषेत कापतात, हात असा की बघत राहावं. मी गोदाम सांभाळतो, त्यामुळे त्यांचं माझ्याकडे रोज येणं. तर ते बोलता बोलता थांबले आणि माझं वरचं बटण दोन बोटांत धरून कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले की बटणाखालचे दोऱ्याचे वेढे उलटे आहेत, शिवणारी डावरी दिसते. आहे की नाही नजर? मी आपला छाती फुगवून सांगितलं की बहिणीने पाठवलाय, ती बायकांच्या संस्थेत असते.

तेव्हापासून आम्ही डबा एकत्रच खातो. माणूस फार दुःखी आहे गं. बायको वर्षभरापूर्वी मुलीला घेऊन निघून गेली, चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. मुलीचं नाव काढलं की घास खाली ठेवतो. परवा घरी आले होते, आईचं बंद पडलेलं शिलाई मशीन तासाभरात चालू करून दिलं. आई तर त्यांच्यावर इतकी खूश आहे की मला चहा द्यायला विसरली. ताई, राग मानू नकोस, पण तुमच्याकडे एकच बाजू येते. टाळी काही एका हाताने वाजत नाही. त्यांना फक्त मुलगी सुखरूप आहे एवढं कळायला हवंय, भेटायचंही नाही म्हणतात. डावऱ्या हाताची, शिवणकाम येणारी बाई तुझ्या पाहण्यात आहे का? मला गुपचूप कळवलंस तर एका बापाचा दुवा मिळेल.

गोळ्या देतोय. तू जेवतेस ना नीट? कृपा असू दे.

तुझा,
टिल्लू


२० जून

चि. टिल्लूस आशीर्वाद,

तुझं पत्र आत्ता मिळालं. घाईत लिहितेय, दप्तरबाई जाताना टाकतील.

तू म्हणतोस तशी बाई इथे नाही. कधी नव्हती. अशी कुणी माझ्या पाहण्यात नाही. शर्ट मी दुकानातून घेतला होता, तुला बरं वाटावं म्हणून इथल्या एकीने शिवला असं लिहिलं. तो शर्ट पुन्हा घालू नकोस. त्या माणसाला घरी आणू नकोस, आईला एकटीला त्याच्याबरोबर बसू देऊ नकोस, आणि का ते विचारू नकोस. माझं एवढं ऐक. मोठी आहे ना मी तुझ्यापेक्षा?

ताई


२६ जून, गुरुवार

ती. ताईस शि. सा. न.,

हे पत्र तुला काय घडायचं ते घडून गेल्यावर मिळेल. तरी लिहितोय, कारण हाताला काहीतरी काम हवं.

तुझं पत्र परवा घरी आलं. मी मूर्खासारखं ते काल डबा खाताना मास्तरांना दाखवलं. त्यांचा जीव टांगणीला लागलाय, निदान तुझ्याकडे नाही एवढं तरी कळू दे, असं मला वाटलं. तू घरी आणू नकोस लिहिलं होतंस ती ओळ मी अंगठ्याखाली झाकून धरली, एवढी माझी हुशारी. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. पाकीट उलटून बघितलं, त्यावर तुमच्या पेटीचा नंबर होता, पोस्टाचा शिक्का होता. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले की फार मोठं काम केलंस. मी म्हटलं, ती तिथे नाही म्हणतेय ताई. तर नुसते हसले. मला ते हसणं आवडलं नाही, पण का आवडलं नाही ते कळेना.

आज ते कामावर आले नाहीत. चार दिवसांची रजा टाकलीय. मी गोदामात कापडाचे तागे मोजत होतो आणि मोजता मोजता माझ्या पायाखालची जमीनच सरकली. ताई, अकरा वर्षं तू या कामात आहेस. शेजारच्या काकू त्यांच्या भाचीबद्दल तुझ्याजवळ रडल्या तेव्हा तू म्हणालीस, सांगत नाही. आईने गमतीत विचारलं तरी सांगत नाही. आणि परवा पहिल्यांदा तू सरळ 'नाही' लिहिलंस. तुझ्या त्याच नियमाने मला कळलं. त्याला तर माझ्याआधी कळलं, शर्ट दुकानातला नाही हे त्याने वेढ्यांवरून आधीच ओळखलं होतं. आणि उद्या शुक्रवार आहे, तुमच्या दप्तरबाई पेटी उघडायला जाणार.

तुमच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. फोनवरच्या मुलीने शांतपणे सांगितलं की या नावाच्या कुणी आमच्याकडे काम करतात की नाही हे आम्ही सांगत नाही. मी तिच्यावर ओरडलो गं. म्हटलं, माझी सख्खी बहीण आहे ती! तिने तेच पुन्हा सांगितलं. मग मला रडू फुटलं, गोदामात, सगळ्यांसमोर. तेव्हा ती म्हणाली की उत्तर देता येत नाही, पण ऐकता येतं, तुम्ही बोला, मी लिहून घेते. मी सगळं सांगितलं. त्याचा चेहरा, चेक्सचा शर्ट, खांद्यावरची खाकी पिशवी, सगळं. तिने 'बरं' म्हणून फोन ठेवला. आता त्या 'बरं'चा अर्थ मी काय लावू?

ताई, कसंही करून कळव.

टिल्लू


१ जुलै

चि. टिल्लूस अनेक आशीर्वाद,

आधी हे वाच आणि श्वास घे. तो पोलिसांच्या ताब्यात आहे आणि कुणाच्या अंगाला धक्का लागलेला नाही. माझा मोबाइल मला परत मिळाला आहे, तरी पत्रच लिहितेय, कारण फोनवर मला हे बोलता येणार नाही.

तुझं पत्र आज मिळालं, पेटी आता रोज उघडली जाते. त्या 'बरं'चा अर्थ असा, की तिने फोन ठेवल्यावर वीस मिनिटांत इथली एक खोली रिकामी झाली. कुणाची, कुठे गेल्या, विचारू नकोस. दहा मिनिटांत सामान बांधा म्हटलं, तर एकही प्रश्न न विचारता बांधलं. एका छोटीला शाळेत पहिल्यांदाच मैत्रीण मिळाली होती, तिचा निरोपही घेता आला नाही. बटणांचा डबा मात्र मांडीवर घट्ट धरून बसली होती.

शुक्रवारी पेटी उघडायला जाऊ नका, असं आम्ही सगळ्यांनी दप्तरबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या की मी आज नाही गेले तर तो पुढच्या शुक्रवारी उभा राहील, आणि पुढच्या वेळी आपल्याला सांगणारं कुणी नसेल. बासष्ट वर्षांची बाई, दोन्ही गुडघे दुखतात. गेल्या. तो तिकिटांच्या खिडकीपाशी पाकिटावर पत्ता लिहीत असल्यासारखा उभा होता. यांनी पेटी उघडली, आत फक्त विजेचं बिल. ते पर्समध्ये टाकलं आणि निघाल्या. आधी चष्म्याच्या दुकानात काच पुसून घेतली. मग चपला बघितल्या, सहा जोड काढायला लावून एकही घेतला नाही. मग दातांच्या दवाखान्यात पाऊण तास बसल्या. तो समोरच्या फुटपाथवर, आणि त्याच्या मागे साध्या कपड्यांतल्या दोन पोलीस बायका. शेवटी आमच्या जुन्या, रिकाम्या घराचं दार त्यांनी उघडलं आणि मुद्दाम लोटलेलं ठेवलं. तो आत शिरला. कोर्टाने त्याला बायकोपासून लांब राहण्याचा हुकूम आधीच दिलेला होता. पिशवीत मुलीचा फोटो निघाला आणि कापड कापायची मोठी कात्री. कटरच्या पिशवीत कात्री असणारच, असं त्याचा वकील म्हणाला. दप्तरबाई घरी आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या की त्या तपकिरी चपला खरं तर बऱ्या होत्या. 

आता एक गोष्ट. ही काल कोर्टात सगळ्यांसमोर वाचली गेली, म्हणून मी तुला सांगू शकते. त्याची बायको जन्माची डावरी नाही. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं त्याने गरम इस्त्रीखाली दाबून धरली होती. त्यानंतर ती डाव्या हाताने शिवायला शिकली. बटणाखालचे ते उलटे वेढे त्याने ओळखले, त्यात नजरेचं कसलं कौतुक?

तू स्वतःला दोष देत बसशील, मी ओळखते तुला. पत्र दाखवलंस ही तुझी चूक आहेच, ती मी पुसून टाकणार नाही. पण आधीच्या दोन माझ्या आहेत. शर्ट पाठवला, तोही कौतुकाने. आणि माझा भाऊ त्या हाताशेजारी बसून डबा खातो हे वाचलं, तेव्हा माझी बोबडी वळली आणि मी 'नाही' लिहिलं. दुसऱ्यांना भांडी घासताना पढवणारी मी! सगळं स्वतः लिहून काढलं आणि सगळ्यांसमोर वाचलं. आता वर्षभर मला त्या घरात राहता येणार नाही, ऑफिसात फोनवर बसायचं. ज्या मुलीवर तू ओरडलास तिच्याच शेजारची खुर्ची मिळाली आहे. तुझ्या वतीने तिची माफी मागितली. ती म्हणाली, ते सांगत नाही आम्ही, आणि हसली.

आईला जपून सांग. मशीन तिला नकोसं होईल.

तुझी,
ताई


२० जुलै

ती. ताईस शि. सा. न.,

आईला सांगितलं.  तिसऱ्या दिवशी तिने मशीनवर चादर टाकली आणि म्हणाली, माझ्या हातचा चहा प्यायला गं तो.

आता कालचं सांगतो. दुपारी दारात एक म्हातारी बाई उभी. मास्तरांची आई. कारखान्यातून आमचा पत्ता मिळवला म्हणे. आईने आत घेतलं, पाणी दिलं. तिने मुलाची बाजू एका शब्दाने घेतली नाही. त्याने काय केलं ते मला माहीत आहे, असंच म्हणाली. तिला फक्त नातीचं विचारायचं होतं. कुठे आहे ते नको सांगू, ती आहे ना, एवढं सांग. नातीने स्वतः विणायला घेतलेला अर्धा मोजा पदराखाली घेऊन आली होती. तिचं रडणं खरं होतं, ताई. मागच्या वेळी खरं-खोटं मला ओळखता आलं नाही, पण हे खरं होतं, अगदी शपथेवर सांगतो. माझी आईसुद्धा माझ्याकडे बघायला लागली, की बोल ना बाबा काहीतरी.

खरं तर मला काय माहीत आहे? कोण कुठे गेलं, काहीच नाही. माहीत नाही म्हटलं असतं तर ते खोटंही झालं नसतं. शब्द अगदी ओठावर आले होते. पण मी म्हटलं, आजी, आम्ही सांगत नाही.

ती उठून गेली. जाताना मोजा खुर्चीवर ठेवून गेली, तो कुठे पाठवायचा हेही मी विचारलं नाही.  संध्याकाळी ताट वाढताना आईने मोजा उचलला, नीट घडी घातली आणि निळ्या बटणांच्या शर्टाच्या खिशात ठेवून दिला.

शर्ट घरी कपड्यांच्या पेटीत आहे. कधीतरी घालता येईल असं झालं तर कळव. नाही झालं, तर तेही कळवू नकोस.

लहानांवर असते तशीच माया ठेव.

तुझा भाऊ, आणि नेमणूक अजून असलीच तर कुणाचा तरी मामा,
टिल्लू