47 नव्हे, ४७

अमरावती, मंगळवार, दिवेलागणीला

अकोल्याहून शीतलचा फोन आला, तेव्हापासून जिवाला चैन नाही. कॉलेजातली मैत्रीण. तुरीच्या मर रोगाला तोंड देणारं जनुक शोधते, तेही मी लिनक्स या संगणक-प्रणालीसाठी बांधून सगळ्यांना खुलं करून दिलेल्या सॉफ्टवेअरवर. “काईच सापडून नाही राहिलं वं. उद्या रिपोर्ट द्याचा आहे मले. ‘आढळलं नाही’ असं लिहून देऊ काय?”

फाइल मागवली. 47 च्या जागी ४७! तिचा संगणक मराठीत, म्हणून एक प्रोग्राम आकडे देवनागरीत लिहितो. पुढच्या प्रोग्रामला ते आकडे वाटतच नाहीत, तो त्या ओळी मुकाट्याने टाकून देतो. आणि संगणक मराठीत कोणी करून दिला? मीच, हट्टाने.

“मराठी ठेवलं हे चुकलं काय माह्यं?” शीतलने विचारलं.

“नाही वं, माह्यं चुकलं.”

दुरुस्ती एका ओळीची निघाली. या वेळी चाचणी संगणक मराठीत ठेवूनच लावली. आधी कधी का नाही लावली? पास झाली, दुरुस्त सॉफ्टवेअर तिला पाठवलं. तरी ते ४७ डोळ्यांसमोरून हटेना. कुठेतरी पाहिलेलं.

गेल्या महिन्यात याच सॉफ्टवेअरबद्दल नेपाळमधल्या एकाची तक्रार आली होती. त्यांचेही आकडे देवनागरीच. ‘भाषा इंग्रजी ठेवा’ एवढं लिहून मी ती बंद केली. पुरती वाचलीही नव्हती. आत्ता उघडली. खाली त्याचा प्रश्न तसाच पडून आहे: ‘काही आढळलं नाही, असा रिपोर्ट आम्ही देऊन बसलोय. तो चुकीचा आहे का?’