चौऱ्याण्णव मीटर

१४ मार्च २०२२

अणुनियामक आयोगाची नोटीस आज छापून आली. आमच्या अणुभट्टीला पुढची वीस वर्षं चालू ठेवायचा परवाना द्यावा की देऊ नये – कुणाला काही म्हणायचं असेल तर साठ दिवसांत म्हणा. झालं! तीन वर्षं खपून सहाशे बारा पानांचा सुरक्षा अहवाल लिहिला, आणि आता नुसती वाट बघायची.

आमचा संचालक रॉयस म्हणाला, प्लम रिव्हरमधलं कुणी काही म्हणणार नाही. अर्ध्या गावाला विद्यापीठात भट्टी आहे हेच माहीत नाही. उरलेल्या अर्ध्याला ती पदार्थविज्ञानाच्या इमारतीतली पोहण्याची टाकी वाटते.

१७ मार्च

सकाळी आठला भट्टी सुरू केली. दिवे मालवून दोन मिनिटं कठड्याशी उभी राहिले, नेहमीसारखी. एकोणतीस वर्षं झाली. चोवीस फूट खोल पाणी, इतकं नितळ की तळ हाताला लागेल असं वाटतं, आणि तळाशी हळूहळू तो निळा प्रकाश उजाडतो. मला त्यामागचं सगळं गणित येतं. फळ्यावर शिकवते मी ते. तरी छातीत काहीतरी थांबतंच.

कुणाला सांगायची सोय नाही. छप्पन्न वर्षांची बाई, भट्टीची पर्यवेक्षक, आणि अजून तोंड उघडं टाकून बघते!

९ मे

हरकत आली. एकच. आणि काय हरकत!

अगाथा वोंड्राचेक. वय बहात्तर. जिल्ह्याच्या जमीन मोजणी खात्यातून निवृत्त. टाइप केलेली अकरा पानं. बाईंनी सहाशे बारा पानं वाचलीत – आयोगाच्या माणसानेही वाचली असतील की नाही देव जाणे. त्यांना भट्टी बंद व्हायला हवी आहे, आणि त्यासाठी सुनावणी, हे पहिल्याच ओळीत. पण मी अडकले ती सातव्या पानावर.

"पान २१२ वर लिहिलं आहे की सर्वांत जवळची वस्ती ४२० मीटरवर आहे. मी शनिवारी स्वतः टेप लावून मोजलं. धुराड्याच्या पायापासून सगळ्यात जवळच्या निजायच्या खोलीच्या खिडकीपर्यंत तीनशे आठ फूट. म्हणजे चौऱ्याण्णव मीटर. खिडकीत पाळणा आहे."

ती विद्यार्थी-कुटुंबांची इमारत. जुनी लाँड्री पाडून सहा वर्षांपूर्वी बांधलेली. मी रोज तिच्यापुढून चालत कामावर येते! ४२० हा आकडा १९६८च्या पहिल्या अहवालातला. मी तो उचलला आणि ठेवून दिला. तपासलाच नाही.

१० मे

स्वतः जाऊन मोजलं. तीनशे आठ फूट, वर चार इंच. चार इंच त्यांनी सोडून दिले.

पाळणा आहे.

११ मे

रॉयसच्या खोलीत विद्यापीठाचे वकील बसले होते. त्यांचं म्हणणं सरळ. बाई राहतात गावाबाहेर, नऊ मैलांवर. एवढ्या लांबच्या माणसाला आमच्या छोट्या भट्टीपासून धोका दाखवता येणार नाही, म्हणून हरकत घ्यायचा हक्कच नाही. अर्ज फेटाळला जाईल. एक पानी उत्तर द्यायचं, मोजणीबद्दल अवाक्षर काढायचं नाही. उलट सुनावणी लागली तर दोन-तीन वर्षं गेली, आणि कुलगुरूंनी आधीच कळवलंय की सुनावणी लागली तर भट्टी चालू ठेवायची की नाही याचा विचार करावा लागेल. म्हणजे बंद.

वकील गेल्यावर मी म्हटलं, आकडा चुकलाय. दुरुस्त करून पाठवायला हवा.

"आयोगाने विचारलेलं नाही, मार्लिस."

"वोंड्राचेक बाईंनी विचारलंय."

रॉयस पेन्सिल फिरवत बसला. वाईट माणूस नाही तो. या भट्टीवर त्याची पीएच.डी. झाली, त्याच्या बावीस विद्यार्थ्यांची झाली. म्हणाला, आधी गणित कर, मग बोलू.

१६ मे

गणित केलं. तीनदा.

सगळ्यात वाईट काय होऊ शकतं तेच धरायचं असतं – इंधनाची एक कांडी हवेत फुटली, तिच्यातला वायू भट्टीच्या दालनात पसरला, पंख्याने धुराड्यातून बाहेर टाकला. शेजाऱ्याला किरणोत्सर्गाची किती मात्रा मिळेल? मर्यादा शंभर मिलिरेम. ४२० मीटरवर एकोणीस येत होती. चौऱ्याण्णववर एकशे बत्तीस.

एकशे बत्तीस.

कुणी मरत नाही त्याने. आजारीही पडत नाही. पण मर्यादा ही मर्यादा, आणि ती ओलांडणाऱ्या भट्टीला परवाना मिळत नाही.

१७ मे

जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये राजम्याच्या चिलीचा वाडगा आणि दालचिनीचा रोल घेऊन बसले. चमचा तसाच राहिला. एक उपाय सुचला. अलार्म वाजला की पंखा आपोआप थांबतो आणि धुराड्याची झडप मिटते. मग वायू बाहेर जायचाच नाही, दालनातच राहील! जुन्या अहवालात हे धरलेलंच नाही. त्या काळी अंतर इतकं होतं की धरायची गरज पडली नाही.

म्हणजे झडप नीट मिटते एवढं दाखवलं की काम झालं. दर महिन्याला आम्ही ती तपासतो. बटण दाबतो, हिरवा दिवा लागतो, टिक करतो.

रॉयसला सांगितलं. त्याचा चेहरा उजळला.

१९ मे

मी आज हिरव्या दिव्यावर विसंबले नाही. शिडी लावून वर गेले, झडपेशी धुराची कांडी धरली. खालून रॉयसने बटण दाबलं. खटका वाजला. दिवा हिरवा झाला.

धूर एका बाजूने वर निघून गेला. सरळ, निवांत, जसा काही दारच उघडं आहे.

झडपेच्या कडेचं रबर एका बाजूला वाळून सुटलंय. पात्याला बोटभर फट. दिव्याला ते कळत नाही. त्याला झडपेचा दांडा फिरला एवढंच कळतं. किती वर्षं असेल असं? मी एकोणतीस वर्षं टिक करतेय.

खाली उतरले. रॉयसला म्हटलं, "फट आहे." तो स्वतः वर चढला, बघून आला, आणि म्हणाला, "बंद कर."

मी कळ दाबली. भट्टीचे नियंत्रक दांडे खाली गेले. निळा विझला – एकदम नाही, मावळत मावळत. आयोगाला फोन रॉयसनेच केला. मला वाटलं होतं तो मला करायला सांगेल.

२३ मे

दुरुस्तीचं पत्र गेलं. चार पानं. अंतर चुकलं, मात्रा मर्यादेच्या वर जाते, झडप मिटत नाही, भट्टी बंद ठेवली आहे. सगळं लिहिलं. कुणाच्या लक्षात आणून देण्यामुळे कळलं, तेही लिहिलं, नावासकट. वकिलांनी ती ओळ खोडली होती. रॉयसने परत घातली.

आता बाई सुनावणीत हेच पत्र फडकवतील. खुशाल फडकवोत.

८ जून

भट्टी बंद. कर्करोगाच्या औषधावर काम करणाऱ्या मुलीचे नमुने कपाटात पडून. ती रोज येऊन विचारते, कधी. मी रोज सांगते, माहीत नाही. दालनात पाण्याचा पंप तेवढा घुमतो.

२९ जुलै

नवी झडप बसली. दोन पाती, रबर नवं, आणि पातं पूर्ण टेकल्याशिवाय हिरवा होणारच नाही असा दिवा. धूर सोडून अकरा वेळा तपासली. दालन किती हवा गळू देतं तेही मोजलं.

नवा आकडा: चौऱ्याण्णव मीटरवर अडतीस.

अडतीस! खुर्चीत बसून एकटीच हसले.

१२ ऑगस्ट

आयोगाची परवानगी आली, भट्टी पुन्हा सुरू झाली. मी वोंड्राचेक बाईंना फोन केला. या म्हटलं, बघून जा. त्यांनी एवढंच विचारलं: "कधी?"

१८ ऑगस्ट

आल्या. ठेंगणी, काटक बाई, पुरुषी बूट, कडक उन्हातही कोट. हातात डबा – खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे. मी म्हटलं, आत खायला बंदी आहे. म्हणाल्या, "माहीत आहे, पान ३४०. हे बाहेर पडल्यावर."

छातीला किरणोत्सर्गाचा मापक लावून दिला. आधी झडप बघायची होती त्यांना. शिडीवर चढल्या! मी खाली शिडी धरून, जीव मुठीत. धूर त्यांनी स्वतः सोडला. तीनदा. मग उतरल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं.

कठड्याशी आणलं. दिवे अजून लावलेले होते. वाकून बघितलं.

"खोल किती?"

"चोवीस फूट."

"हे पाणी नसतं, आणि मी इथे उभी असते तर?"

इथे लोक गोड काहीतरी सांगतात. मी खरं ते सांगितलं. त्यांनी मान हलवली – शेताची हद्द जिथे असायला हवी तिथेच सापडल्यासारखी.

मग दिवे मालवले आणि मी झेप दाखवली. एक नियंत्रक दांडा हवेच्या दाबाने एकदम वर उडवायचा. क्षणभर भट्टीची ताकद हजार पटीने चढते, आणि इंधन तापलं की ती स्वतःच स्वतःला आवरते. माणसाला हात लावावा लागत नाही. मोजले आकडे. खट् –

सगळं दालन निळं झालं. छत, कठडा, त्यांचे पांढरे केस. पापणी लवायच्या आत गेलंही.

बाई हलल्या नाहीत. मी दिवे लावले नाहीत. मग अंधारातून आवाज आला:

"पुन्हा कर."

मी म्हटलं, निवायला पंधरा मिनिटं लागतात. "थांबते." खुर्ची दिली. कोट न काढता, हात मांडीवर ठेवून, पंधरा मिनिटं बसल्या. मीही शेजारी बसले. त्यांनी सांगितलं – त्यांचा भाऊ नेवाडातल्या अणुबाँबच्या चाचण्यांच्या वेळी लष्करात होता. खंदकात बसवलं होतं पोरांना, धोका नाही म्हणून सांगितलं होतं. "कागदावर सगळं बरोबर होतं," म्हणाल्या. "अंतरसुद्धा." भाऊ चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. तेवढंच.

दुसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले नाहीत. मी भट्टीकडे बघायच्याऐवजी त्यांच्याकडे बघत होते. एकोणतीस वर्षांत कुणाच्या चेहऱ्यावर मी माझाच चेहरा पाहिला नव्हता.

बाहेर पायरीवर कोलाचे खाल्ले. विचारावं की नाही असं चाललेलं, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "मी अजूनही म्हणते बंद करा. पण पान २१२ आता बरोबर आहे."

६ सप्टेंबर

त्यांनी सुनावणीची मागणी मागे घेतली. दोन ओळींचं पत्र. हरकतीतले मुद्दे दुरुस्त झाले, मत बदललेलं नाही.

रॉयसने ते पत्र चौकटीत घालून स्वतःच्या खोलीत लावलंय. कुलगुरूंच्या जुन्या शाबासकीच्या पत्राच्या जागी.

२१ सप्टेंबर

आयोगाचा माणूस फोनवर. अजून सत्तावन्न प्रश्न. सत्तावन्न! बाईंची अकरा पानं बरी होती.

३ फेब्रुवारी २०२३

प्रश्नांची उत्तरं. नुसती उत्तरं. प्रत्येक आकडा जागेवर जाऊन बघतेय. तीन जुने आकडे आणखी चुकलेले सापडले, क्षुल्लक. तरी कळवले.

२० नोव्हेंबर

परवाना आला.

रॉयसने पाकीट माझ्या हाताने फोडायला लावलं. वीस वर्षं. २०४३पर्यंत. ज्या मुलांना मी शिकवते त्यांची मुलं तोवर शाळेत असतील, आणि तळाशी तो निळा असाच उजाडेल. मी कठड्याशी गेले, एकटी. डोळे भरून आले. कारण लिहिता येत नाही. जे मुठीएवढ्या धातूत आहे, ते आपण पाण्यात ठेवतो, दांडे घालून आवरतो, आणि ते आपलं ऐकतं. इतके दिवस ऐकतंय. कुणी नीट मोजत राहील तोवर ऐकेल.

मोजणारे मात्र उरले नाहीत. आज केकच्या भोवती आम्ही सगळे मिळून तीन चालक होतो. रॉयस जूनमध्ये निवृत्त होतोय. दुसऱ्याला टेक्सासला दुप्पट पगार मिळालाय. परवाना इमारतीला मिळतो. चालवणाऱ्याला स्वतःचा वेगळा लागतो, आणि माझ्या एकटीच्या परवान्यावर भट्टी किती दिवस चालणार? जानेवारीतल्या चालक प्रशिक्षणाला एकच नाव आलं होतं. परवा त्याने काढून घेतलं.

१५ डिसेंबर

एकही अर्ज नाही. रॉयस म्हणतो, जानेवारीचा वर्ग रद्द करू. परवाना भिंतीवर, भट्टी बंद.

५ जानेवारी २०२४

मुदतीच्या शेवटच्या दिवशी, पाचला दहा कमी असताना, एक अर्ज आला. हाताने आणून दिलेला.

नाव – अगाथा वोंड्राचेक. वय – चौऱ्याहत्तर. पूर्वानुभव – जमीन मोजणी, एकेचाळीस वर्षं. डॉक्टरांचा दाखला – जोडला आहे. शिकायचं कारण – "विरोध कायम आहे. माझ्या नजरेखाली चालू दे."

मी सही केली. वर्ग सोमवारी, आठला.