एकेचाळीस मतांचा मतदारसंघ

१ नोव्हेंबर २००४, सोमवार
आजपासून रोजनिशी. अबुरासेचा मतदारसंघ माझ्याइतका अख्ख्या घानात कोणाला कळत नाही. शहाण्णव साली घंटा पक्ष जिंकला, २१२ मतांनी. दोन हजार साली आमचा कंदील ४१ मतांनी. ब्याण्णवचा आकडा मी धरत नाही, त्या वर्षी मला कावीळ होती. एकतीस वर्षं भूगोल शिकवला, आता याचा उपयोग. उमेदवार वकील अनामनसाहेबांनी मला आकडेवारी प्रमुख केलं आहे. पत्र यायचं आहे. बायको, अराबा, म्हणाली, आधी मासे धुरवायच्या भट्टीसाठी लाकडं फोडा. संकल्प: निःपक्षपाती राहायचं. फक्त आकडे.

५ नोव्हेंबर
किनाऱ्यावर नमुना पाहणी. जाळी विणणाऱ्या यँक्सनला विचारलं: वय? घरात माणसं किती? तिसरा प्रश्न, मत कोणाला? त्यानं वल्हं पाठीत घातलं. नोंद: अनिश्चित, एक. पाठ काळीनिळी. शास्त्राला किंमत मोजावी लागतेच.

९ नोव्हेंबर
वर्गवारी पूर्ण. टेकडी (शिक्षक, कारकून): ३८ टक्के, आपले. बाजार: २२, डळमळीत. किनारा (कोळी): ४०, घंटेचे. पण मतदानाच्या दिवशी सहाशे कोळी समुद्रावर असतात. मागच्या दोन्ही वेळा होते. इथेच आपण जिंकतो. हे कोणाच्याच ध्यानात आलेलं नाही.

१३ नोव्हेंबर, शनिवार
म्हाताऱ्या ओटूची अंत्ययात्रा. मयत कोणत्या पक्षाचं यावरून वाद. शवपेटीवर कंदिलाचं कापड टाकलं, घंटावाल्यांनी ओढलं, पेटी आडवी झाली. मग प्लास्टिकच्या खुर्च्या उडाल्या. मी टेबलाखाली बसून मोजणी केली. जखमी: आपले चौदा, त्यांचे सतरा. म्हणजे कल तिघांनी आपल्याकडे. माझा एक दात गेला. तो धरलेला नाही.

२० नोव्हेंबर
वकीलसाहेबांना सांगितलं, जागा ठरते ती सात नंबरच्या केंद्रावर, माशांच्या शेडमध्ये. तिथलं मतदान निम्म्याच्या आत राहिलं तर आपण आलो. साहेब घड्याळ बघत होते. पण त्यांच्या पहिलवानांचा म्होरक्या अटा, त्यानं नीट ऐकलं. नकाशा काढून द्याल का मास्तर, म्हणाला. एकतीस वर्षांत माझ्याकडे आपणहून नकाशा मागणारा पहिला माणूस. तीन रंगांत काढला. होड्या कुठे लागतात, कोणाची कुठली, सगळं.

२४ नोव्हेंबर
पहाटे किनाऱ्यावर होडी जाळली. क्वाव बेन्टसिलची. क्वाव म्हणजे अराबाचा धाकटा भाऊ, घंटेचा खंदा माणूस. राखण करणाऱ्या खलाशाचा हात मोडला. अकरा जणांचं पोट त्या होडीवर. लोक अटाचं नाव घेतात. लोक काय, काहीही बोलतात.
दुपारी क्वाव दारात आला. अंगाला धुराचा वास. बसा म्हटलं, बसला नाही.
"दाजी, नकाशात माझी होडी कोणत्या रंगात होती?"
हिरव्या, मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?
त्यानं हात उचलला नाही. उचलला असता तर नोंदवता आलं असतं.
अराबा बोलत नाही. ताटात नुसती केंकी, आंबवलेल्या मक्याचा गोळा, मासा नाही.

२६ नोव्हेंबर
जाळपोळ आकडेवारीत येत नाही. नकाशा हा नकाशा असतो. संकल्प: वकीलसाहेबांना कडक पत्र लिहायचं. "आदरणीय" पर्यंत लिहून झालं.

२ डिसेंबर
अराबा आठ दिवसांनी बोलली. म्हणाली, मतदान सात तारखेला, त्या दिवशी मंगळवार आहे.
मंगळवारी कोणी समुद्रात जात नाही. समुद्राच्या विसाव्याचा दिवस. हे अबुरासेत शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे सहाशे कोळी जमिनीवर. आयोगानं तारीख काढताना मला विचारायला हवं होतं.
अटाला कळवलं. तो म्हणाला, मग आकडा आम्ही खाली आणतो. कसा, ते मी विचारलं नाही. पत्र अजून "आदरणीय" वरच.

७ डिसेंबर, सकाळी ६
शाळेचा कोट घातला. सात नंबरवर स्वतः उभा राहणार. दोन्ही बाजूंनी माझे विद्यार्थी आहेत, मास्तरांसमोर कोणी काठी उगारणार नाही. अराबा आणि दोन्ही मुली बरोबर यायचं म्हणतात. मी म्हटलं, आधी टेकडीवर मतं द्या. अराबा म्हणाली, तुम्हाला एकट्याला सोडत नाही. ठीक. मत दुपारी देऊ.

९ डिसेंबर, दवाखाना
डाव्या हातानं लिहितो आहे. उजवं मनगट मोडलं.
साडेआठला अटाची व्हॅन आली. बारा पहिलवान, काठ्या. मतपेटी उचलायला. कोळणी आडव्या आल्या. कोणाकडे जळतं लाकूड, कोणाकडे मासे कापायचा सुरा. मी बाकावर चढून सरासरी मतदानाविषयी बोलायला लागलो. पहिली काठी आपल्याच माणसाची. दुसरीही. मारणारा चौथीला माझ्याच वर्गात होता, नाव आठवत नाही. अटाचा जबडा वल्ह्यानं फुटला. एका बाईचा कान गेला. पेटीवर अराबा बसून राहिली, तिला हलवता आलं नाही कोणाला. मला क्वावनं खांद्यावर टाकून टॅक्सीत घातलं. वाटेत एक शब्द नाही. मी मात्र बरंच बोललो म्हणतात, टक्केवारीत.
दवाखाना शेजारच्या गावात. अराबा आणि मुली मागोमाग आल्या. आम्ही चौघंही संध्याकाळी मतदान संपेपर्यंत इथेच.

१० डिसेंबर
निकाल. घंटा तीन मतांनी.
तीन! ताबडतोब हिशेब केला. मी, अराबा, दोन मुली: चार मतं पडलीच नाहीत. पडली असती तर कंदील एका मतानं. म्हणजे माझी पद्धत बरोबर होती. चूक काठीची.
अराबा खाटेशी बसून संत्रं सोलत होती. तिला सगळं समजावलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.
"मी दोन्ही वेळा घंटेलाच दिलं," ती म्हणाली. "पोरीही तिलाच देणार होत्या."
हे मला सांगायला नको होतं का, मी विचारलं.
"तुम्ही विचारलंत कधी?" तिनं फोड माझ्या तोंडात घातली. दात नाही त्या बाजूला झोंबली.
पुन्हा मोजलं. घंटा पाच मतांनी.
तिसऱ्यांदा मोजलं. पाचच.